सिमेंटचा पदर

फाल्गुन लागला की आमच्या संत तुकाराम नगरच्या गॅलरीत दुपार कलल्यावर वारा सुटतो. दोरीवरचे कपडे एका अंगाला फडफडायला लागतात. सून म्हणते, "आई, काचा ओढून घ्या, धूळ येतेय." मी बरं म्हणते आणि तशीच बसून राहते. तिला काय सांगू? हा धुळीचा वारा नाही गं बाई, हा उपणणीचा वारा आहे. पण तिनं ज्वारी बघितली ती दुकानातल्या पिशवीतली. तिच्या ज्वारीला भुसा कधी नव्हताच.

तुमच्यापैकीही पुष्कळांनी उपणणी पाहिली नसेल. सुगीत ज्वारीची कणसं खळ्यात पसरायची, त्यावरून बैल गोल गोल फिरवायचे, की दाणा कणसातून सुटतो. पण त्यात भुसकट मिसळलेलं असतं. मग उंच लाकडी तिवईवर एक माणूस चढतो, खालचा माणूस त्याला पाटी भरून देतो, आणि वरचा ती पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हळूहळू कलती करतो. दाणा सरळ खाली पडतो, भुसा वाऱ्यावर लांब जाऊन बसतो. मावळतीच्या उन्हात तो भुसा असा काही चमकतो की सोनं म्हणावं, तर सोनं कधी असं हलकं नसतं. अंगाला खाज सुटायची, नाकात भुसा, केसांत भुसा, भाकरीत भुसा. तरी ते दिवस आठवले की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. आणि त्याच्या मागोमाग मान खाली जाते.

परवा नातवाबरोबर रिक्षानं थेरगावला चालले होते. उड्डाणपुलाच्या खांबांवर पोरं शिड्या लावून चित्रं काढत होती. एका खांबावर बैलजोडी, एकावर जात्यावर बसलेली बाई, एकावर डोक्यावर पाटी घेतलेली. रंग छान होते, उगाच नावं कशाला ठेवू. नातू म्हणाला, "आजी, बघ, तुझं गाव काढलंय." मी म्हटलं, "व्हय रे बाबा." शहर वाढायला लागलं की त्याचं असंच होतं. ज्याला बाजूला सारून वाढलं, त्याचंच चित्र ते भिंतीवर काढतं. ते चांगलं की वाईट, मला नाही सांगता येत. न काढण्यापेक्षा काढलेलं बरं असावं. पण त्या जात्यावरच्या बाईकडं बघताना माझ्या मनात आलं, हिला कुणी विचारलं असेल का? तुझं चित्र काढू का, काढलं तर कसं काढू, आणि कुठं लावू?

आमचं गाव पवनेच्या काठाला. आता ते गाव म्हणून दाखवता येत नाही, बसस्टॉपच्या नावात तेवढं उरलंय. पन्नास सालानंतर मुंबईच्या रस्त्याच्या कडेनं कारखाने यायला लागले, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. पहिल्यांदा आले ते लोखंडी खुंट्या ठोकणारे लोक. मग तारांचं कुंपण. आमच्या वरच्या वावराला खुंट्या लागल्या होत्या. आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणायचे, "ही सुगी आपली. फुडचं कंपनीचं." म्हणून त्या वर्षी सगळे जपून जपून काम करत होते, जसं काही घरातलं माणूस परगावी निघालंय. आईनं तर खळं सारवताना मधली मेढ, बैल जिच्याभोवती फिरतात तो खांब, अशी हातानं कुरवाळली होती, मी पाहिलंय.

घरात आबा, माझे आईवडील, धाकटा चुलता आणि चुलती. चुलत्याला सगळे नाना म्हणत, चुलतीला मी काकी म्हणायचे. तिचं नाव हौसा. अंगानं सडपातळ, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, आणि चालणं असं की पाण्याचा हंडा डोक्यावर असला तरी हात लावायची गरज नाही. बोलायची कमी. पण तिच्या कमी बोलण्यात खोडी असायची. नाना जेवताना पुन्हा पुन्हा मीठ मागायला लागला की म्हणायची, "मिठागरच आंदण मागायचं हुतं माज्या बापाकडं."

त्या फाल्गुनात काय झालं, तर बैलानं हिसडा दिला आणि नानाचा खांदा निखळला. हात गळ्यात बांधलेला. वडील खडकीला कारखान्यात ड्यूटीवर. आई बाळंतीण. आबा आत्याकडं थेरगावला गेलेले. मळणी होऊन खळ्यात ढीग पडलेला आणि दोन दिवस पान हलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. असा सुटला की लिंबाच्या झाडानं अंग झाडलं. खळ्यावर आम्ही तिघंच. नाना, काकी आणि केरसुणी घेऊन मी.

आमच्याकडं बाईमाणसानं तिवईवर चढायचं नाही. बायकांनी खळं सारवायचं, केर काढायचा, पाट्या भरायच्या, रास पोत्यात भरायची. पण तिवईवर नाही. का, ते कुणी सांगत नसे. खाली धान्याची लक्ष्मी पडते आणि वर बाईचे पाय, म्हणून नाही म्हणे. ती लक्ष्मीही बाईच की, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नाना आभाळाकडं बघत होता. मग म्हणाला, "चढ तू."

काकी म्हणाली, "मी? अवं, काय बोलता?"

"वारा काय माज्या खांद्यासाटी थांबनार हाय? चढ."

"आनि आबांनी इचारलं तर?"

"आबांना मी सांगतो. म्याच चढीवली म्हनतो. झालं?"

काकीनं तिवईला हात लावून नमस्कार केला. पदर डोक्यावरून काढला, कारण त्या वाऱ्यात तो तोंडावर येऊन पाटी हातातून जायची. तो कमरेला करकचून खोचला आणि चढली. नाना एका हातानं आणि मी दोन हातांनी पाटी वर देत होतो. पहिली पाटी थोडी डगमगली. दुसरीपासून मात्र अशी काही ज्वारी पडायला लागली, जणू कुणी वरून दोरा सोडतंय. ती वर उभी, दोन्ही हात आभाळात, मान किंचित मागं, केस सुटलेले. नाना खालून बघत होता. मला आठवतं, तो हसला आणि म्हणाला, "माज्यापरीस बेस करती गं तू." काकी वरूनच म्हणाली, "मग खांदा आसाच ऱ्हाऊ द्या."

मी तिला त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर कधी एवढी मोठ्यानं हसताना पाहिलं नाही.

कुंपणाच्या तारेपलीकडं एक माणूस उभा होता. खादीचा सदरा, खांद्याला पिशवी. कंपनीनं फाटकापाशी पुतळा उभा करायला मुंबईहून बोलावलेला तो मूर्तिकार होता. तारेखालून वाकून आला, चपला काढून खळ्यात आला. एवढी रीत त्याला होती, हे खोटं कशाला सांगू. नानाला म्हणाला, "हे काढू का मी?" नाना म्हणाला, "काढा की साहेब, काढा." त्याला वाटलं कागदावर काढणार आणि घेऊन जाणार. त्या माणसानं कोळशानं भराभर कागद भरले. दुसऱ्या दिवशीही उपणणी चालू होती, तेव्हाही आला. काकीकडं त्यानं फार वेळ पाहिलं, पण विचारलं नानाला. काकीला विचारायचं असतं, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही नाही. तिलाही नव्हतंच म्हणा.

रास घरी आली. आबा परत आले. ज्वारी बघून म्हणाले, "सोच्छ झाली रं उपननी. खांदा दुखत आसताना कशी क्येली?" नानानं मान हलवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. काकी चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं, तो गेला त्या दिशेला. बस्स, एवढंच.

पुढच्या दिवाळीनंतर फाटकावर पुतळा उभा राहिला. मुंबई-पुणे रस्त्याच्या अगदी तोंडाशी. दगडी चौथरा, त्यावर सिमेंटची तिवई, तिवईवर सिमेंटची बाई. हात वर, पाटी कलती, केस सुटलेले, डोकं उघडं. हनुवटीवर तीन ठिपके. आणि पाटीतून खाली येणारी ज्वारीची धार, तीही सिमेंटची, पण अशी केलेली की लांबून हलतेय असं वाटावं.

बातमी आमच्याकडं आली ती सरपणाला गेलेल्या बायांनी आणली. काकीनं मला हळूच विचारलं, "चल, बघून यिऊ?" दुपारी सगळे खालच्या वावरात असताना आम्ही दोघी गेलो. रस्त्याच्या अलीकडं बाभळीखाली उभ्या राहिलो. तिनं पदर पुढं ओढलेला, त्याच्या फटीतून बघत होती. मी म्हटलं, "काकी, तूच हायेस." ती पुतळ्याच्या पायांकडं बघत होती. मग म्हणाली, "पायाचा अंगठा बघ. तिवईला आसाच दाबून धरावा लागतो, न्हाईतर तोल जातो. त्येनं बराबर बघितलं." थोड्या वेळानं म्हणाली, "मी येवडी उंच हाय व्हय गं?" मग आम्ही घरी निघालो. वाटेत तिनं एकदा हात वर केले, पाटी धरल्यासारखे, आणि लगेच खाली घेतले.

तिला तो पुतळा आवडला होता. हे मी आज इतक्या वर्षांनी लिहिते, कारण हे आमच्या घरात कुणाला कळलं नाही, कळलं असतं तरी कुणी मोजलं नसतं.

चार दिवस गेले. मग चावडीवर सुरू झालं. आबा तंबाखू मळत बसले होते, तर एकजण म्हणाला, "आबा, तुमच्याकडचं गडी सपलं काय? सुनंला तिवईवर चढीवली ती?" दुसरा म्हणाला, "आता सून उपनती, उद्या ल्योक दळाय बसंल." सगळे हसले. आबा उठून घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. त्यांना संतापापेक्षा लाज वाटत होती. म्हातारा माणूस, ज्याच्या शब्दावर गावची भांडणं मिटायची, त्याला रस्त्यानं येणारा-जाणारा प्रत्येक ट्रकवाला आपल्या सुनेचं उघडं डोकं बघतोय असं वाटत होतं. एका वाऱ्यापुरतं केलेलं काम होतं ते. वारा गेला, ज्वारी कणगीत गेली, तिवई माळ्यावर गेली. आणि इथं ते काम कायमचं उभं. चौकातल्या मूर्तीचं हेच भय आहे बघा. माणूस ज्या एका घडीत असतं, तिथून त्याला खाली उतरू देत नाही.

संध्याकाळी आबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हौसा तिवईवर चढली हुती का?"

आई बाळाला घेऊन दारात. वडील भिंतीला टेकून. मी आईच्या लुगड्याला धरून. काकी उंबऱ्याच्या आत उभी होती, खाली मान घालून. तिनं बोलायचं नव्हतं. सासऱ्यासमोर ती बोलत नसे, आणि बोलायची गरजही नव्हती, कारण सांगणाऱ्यानं सांगतो म्हणून कबूल केलं होतं.

नाना ओसरीच्या खांबापाशी बसलेला. खांदा केव्हाच बरा झाला होता. तरी तो हात त्यानं दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. म्हणाला, "मी त्या दिशी तापानं पडलो हुतो. मला काय ठाव?"

उपणणी सोच्छ झाली म्हणून आबांनी त्यालाच शाबासकी दिली होती, पण ती त्यांनी आता काढली नाही. काकीनं मान वर केली नाही. आबा तिला म्हणाले, "चार महिने म्हायेरला जाऊन ये. लोकं इसारतील." आणि मग उठून वडिलांना म्हणाले, "सकाळी चल. कंपनीच्या सायबाला सांगू. बाईच्या डोक्यावर पदर पायजे."

कंपनीचा साहेब भला माणूस असावा. त्याला नवीन गावाशी तंटा नको होता. मूर्तिकार केव्हाच मुंबईला गेलेला. साहेब म्हणाला, "तुमच्या पद्धतीप्रमाणं करून घ्या." मग आमच्याच आळीतल्या गवंड्याला सांगितलं. त्यानं विहिरी बांधल्या होत्या, हौद बांधले होते, पदर कधी बांधला नव्हता. तारेची जाळी पुतळ्याच्या डोक्याभोवती गुंडाळली आणि वर सिमेंट थापलं. पदर झाला, पण हौदाच्या कठड्याएवढा जाड. पुढं एवढा आला की कपाळ गेलं, डोळे गेले, नाकाचं टोक तेवढं राहिलं. केस गेले. पदराची एक बाजू हनुवटीवर उतरली, तिथं तीन ठिपके होते ते गेले. मागं वळलेली मान पदराच्या वजनानं खाली वाकल्यासारखी दिसायला लागली. उपणणारी बाई गेली आणि ओझं वाहणारी कुणी बाई तिथं उभी राहिली. आबांनी चौथऱ्याखालून बघितलं, म्हणाले, "आता बरं दिसतंय." गावही म्हणालं, बरं दिसतंय. घराची अब्रू राहिली. मला तेव्हा सुद्धा वाटलं होतं की कुणाचा तरी गळा दाबलाय, पण शब्द नव्हता माझ्याकडं.

काकी माहेरी गेली ती होळी करून आली. आली तेव्हा वाऱ्याचेच दिवस होते, पण वरचं वावर नव्हतं. तिथं पत्र्याची शेड झाली होती आणि तिच्यात रात्रंदिवस काहीतरी धडधडत होतं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या काहींना कंपनीनं कामावर घेतलं. नानाला वॉचमनचं काम मिळालं. खाकी कपडे, हातात काठी. उभं कुठं राहायचं? फाटकावर. पुतळ्याच्या सावलीत.

मला कधी कधी वाटतं, एवढी शिक्षा तर कुणी न्यायाधीशानंही दिली नसती. सकाळी सावली पश्चिमेला पडायची तेव्हा तो तिथं, दुपारनंतर पूर्वेला तेव्हा तो तिथं. मी आणि काकी त्याची भाकरी घेऊन जायचो. काकी पुतळ्याकडं बघत नसे. नाना पण बघत नसे. दोघंही एका जागी उभे राहून एकाच गोष्टीकडं न बघण्याची अशी काही कसरत करायचे, की मला मोठ्यानं ओरडावंसं वाटायचं.

तोवर बाहेरगावची माणसं यायला लागली होती. साताऱ्याची, नगरची, कोकणातली, मराठवाड्याची. एका खोलीत आठ-आठ जण राहायचे, शिफ्टप्रमाणं आळीपाळीनं झोपायचे. त्यांना आमच्या गावाचं काय माहीत? त्यांनी फाटकावर डोक्यावरून पदर घेतलेली, हात वर केलेली बाई पाहिली आणि देवी समजून हात जोडले. पहिल्या पाळीला आत शिरताना चौथऱ्याला हात लावायचा, तोच कपाळाला. मग कुणीतरी कुंकू लावलं. कुणी नारळ फोडला. ट्रकवाले हार घालायला लागले. तिच्या पाटीतून पडणारी ज्वारी म्हणजे आशीर्वाद, असंही कुणी म्हणालं. नारळाच्या करवंट्या आणि वाळलेली फुलं झाडून काढायचं काम नानाकडं आलं. परक्या मुलखात आलेल्या माणसाला कुणीतरी लागतंच की, ज्याच्यापुढं सकाळी मान लववावी. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना आम्ही दिलं तेच त्यांनी पुजलं.

असं दोन-तीन वर्षं चाललं. आबा गेले. मी बारा-तेराची झाले होते, माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. एक दिवस फाल्गुनातच आम्ही दोघी भाकरी घेऊन फाटकावर गेलो. दुपारची पाळी बदलत होती. परभणीकडचा एक नवीन कामगार, कोवळ्या मिशीचा, चौथऱ्यापाशी नारळ घेऊन उभा होता. पहिलाच दिवस असावा. त्यानं नानाला विचारलं, "मामा, ही देवी कोनची म्हनायची?"

वारा होता. शेडवरचा पत्रा वाजत होता. नानानं भाकरीचं फडकं काकीच्या हातातून घेतलं होतं, पण त्याची गाठ अजून सोडली नव्हती. तो काकीकडं बघत राहिला. मग वर बघितलं. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा वर बघताना पाहिलं. म्हणाला, "देवी न्हाई ती. माझी बायकू हाय. ज्वारी उपनती. म्याच चढीवली हुती तिला."

त्याचा आवाज अगदी खरा होता. काकीनं माझा हात घट्ट धरला.

तो पोरगा आधी हसला. आणखी दोघं-तिघं होते तेही हसले. "मामा, सकाळीच घेतली का काय?" मग त्यातला एक वयस्कर माणूस पुढं आला. त्यानं पुतळ्याकडं बघितलं. तिथं पदराच्या छपराखाली नाकाच्या टोकाशिवाय काही नव्हतं. त्यानं आमच्या काकीकडं बघितलं, तिचंही तेवढंच दिसत होतं. तो रागावला नव्हता, घाबरला होता. म्हणाला, "मामा, देवाची अशी मस्करी करू नै. लेकराबाळाची मान्सं आमी. कान धरा बरं. धरा."

नानानं त्यांच्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. एवढी माणसं उभी होती. त्यानं काठी भिंतीला लावली, दोन्ही कान धरले, सिमेंटपुढं वाकला आणि म्हणाला, "चुकलो, आई."

माणसं पांगली. भोंगा झाला. आम्ही निघालो. कंपनीच्या कुंपणाच्या कडेकडेनं, जिथं आमच्या वावराचा बांध होता तिथून, काकी माझा हात धरून चालत होती. मी रडत होते, तिच्यासाठी की नानासाठी, मलाच कळत नव्हतं. ती मात्र रडत नव्हती.

"शाले," ती म्हणाली, "पन म्हनले की न्हाई त्ये? म्याच चढीवली म्हनले. ऐकलंस न्हवं तू?"

"ऐकलं काकी."

"बास मग," ती म्हणाली.

एवढ्याशा 'बास'वर तिनं पुढचं सगळं आयुष्य काढलं. आणि आम्ही सगळ्यांनी ते काढू दिलं.